गोल्ड दोनवर अडकलेली गाडी: व्हॅलोरंटमध्ये तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर

लक्षण असं. रोज रात्री जेवणं झाली की दोन-तीन रँक्ड मॅच. हात बसलेला आहे, नकाशे पाठ आहेत, कुठल्या पेटीमागे कोण दबा धरून बसतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि रँक? गोल्ड दोन. एक मॅच जिंकून २० आरआर (रँकचे गुण) वर, पुढची हरून १९ खाली. ॲक्ट, म्हणजे गेमचा एक हंगाम, संपतो, नवा सुरू होतो, पुन्हा गोल्ड दोन. मी असा सलग तीन ॲक्ट एकाच पायरीवर बसून काढले. त्या काळात माउस बदलला, माउसपॅड बदललं, क्रॉसहेअरचा (नेमाच्या खुणेचा) रंग पोपटी केला, मग पांढरा केला, मग परत पोपटी. सेन्सिटिव्हिटीचं तर विचारूच नका.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पाच विरुद्ध पाच. एक टीम ठरलेल्या जागी (या जागा म्हणजे साइट: ए, बी, काही नकाशांवर सीही) स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येते, दुसरी अडवते किंवा लागलेला निकामी करते, म्हणजे डिफ्यूज करते. एकदा मेलात की तो राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. आधी १३ राउंड जिंकेल त्याची मॅच. आयर्नपासून रेडियंटपर्यंत एकूण ९ रँक, त्यातली गोल्ड खालून चौथी, आणि गोल्ड दोन ही तिची मधली पायरी. म्हणजे अगदीच नवखे नाही आणि कोणी विचारावं इतके चांगलेही नाही.

आधी यंत्राचा दोष बाद करा

हे पाच मिनिटांचं काम आहे, त्यामुळे पहिल्यांदा उरकून टाका. सेटिंगमध्ये व्हिडिओच्या खाली स्टॅट्स आहेत. तिथून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ), पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) स्क्रीनवर दिसतील असं करा. आपल्याकडे मुंबईचा सर्व्हर आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकहून पिंग सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो वायफाय. पॅकेट लॉस सारखा वर उडी मारत असेल तर राउटरपासून वायर ओढा. आमच्याकडे हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत केबल ओढली तेव्हा आईने विचारलं, "आता काय, घरात तारेचं कुंपण घालणार?" पण पॅकेट लॉस थांबला.

हेडफोनची डावी-उजवी बाजू उलटी घातलेली नाही ना, हेही बघून घ्या. हसू नका, मी एक आख्खी मॅच तशी खेळलोय.

एवढं ठीक असूनही रँक हलत नसेल तर दोष खुर्चीत बसलेल्या माणसात आहे. "टीमच बेकार मिळते" हे औषध मी सहा महिने घेतलं. त्याने झोप चांगली लागते, बाकी काही होत नाही.

बिघाड कुठे आहे

मला तो माझ्या आतेभावाने दाखवला. गेल्याच्या गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा अकरावीत होता आणि असेंडंटला होता, म्हणजे माझ्या तीन रँक वर. तो मागे फराळाचं ताट घेऊन बसला आणि मी असेंट नावाच्या नकाशावर खेळत होतो, बी साइटकडे येणारी वाट, म्हणजे बी मेन, राखत. मॅच हरलो. मी हेडफोन आपटून ठेवले.

"दादा, तू बी मेनच्या तोंडाशी सात वेळा मेलास."

"सात कसले? दोन-तीनदा असेल."

"मी मोजलं ना. आणि सातही वेळा मेल्यावर ओरडलास, ट्रेड करा ना रे म्हणून."

"मग? नको करायला ट्रेड? मी मेलो की लगेच बदला घ्यायला नको कोणी?"

"कोण करणार? एक जण ए वर होता, दोघं मिडला, एक मार्केटमध्ये. तुझ्या मागे कोण होतं?" चकली मोडत त्याने पुढे विचारलं, "मरायच्या आधी दहा सेकंद तू काय करत होतास?"

मला आठवेना. शेवटचा क्षण लख्ख आठवत होता, समोरच्याचं डोकं, माझी गोळी त्याच्या खांद्याजवळून गेली तो अर्धा सेकंद. त्याच्या आधीचं सगळं कोरं.

रँक अडकते ती इथे. आपल्याला मरणाचा शेवटचा सेकंद तेवढा लक्षात राहतो, आणि शेवटच्या सेकंदात जे काही घडतं ते नेमबाजीसारखंच दिसतं. मग आपण रोज अर्धा तास डेथमॅच खेळून नेम सुधारत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तिथे का गेलो, एकटा का गेलो, कोणाला सांगून गेलो, हे प्रश्न दहा-पंधरा सेकंद आधीचे आहेत आणि ते कुणीच विचारत नाही.

माझ्या बाबतीत तर गंमत अशी की मी किलजॉय नावाचं पात्र घेऊन खेळत होतो. किलजॉयकडे टरेट असतो, तो एका जागी बसवला की समोरून येणाऱ्यावर आपोआप गोळ्या झाडतो. मी तो बी मेनकडे तोंड करून बसवायचो आणि मग स्वतःच त्याच बी मेनमध्ये डोकवायला जायचो. राखणीला कुत्रा बांधून मालकानेच फाटकात झोपावं तसं. शिवाय किलजॉय मेली की तिची पहाऱ्याची यंत्रं बंद पडतात. म्हणजे मी मरत होतो ते एकटा नव्हे, बी साइटचा सगळा पहारा बरोबर घेऊन मरत होतो. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट हाताला कळायला वेगळं काही करावं लागतं.

निदान कसं करायचं

पहिली पायरी फुकट आहे आणि तुमच्यासमोरच असते. मेल्यावर स्क्रीनच्या कडेला कॉम्बॅट रिपोर्ट येतो. तुम्ही कोणाला किती डॅमेज दिलं, तुम्हाला कोणी, कुठे किती गोळ्या मारल्या, सगळं त्यात असतं. बहुतेक लोक तो मारणाऱ्याला शिव्या घालण्यापुरताच बघतात. त्याच्याकडे असं बघा: समोरच्याला तुम्ही शंभर-सव्वाशेचं डॅमेज देऊन मेलात, तर तो नेमबाजीचा किंवा स्प्रेचा (सलग गोळ्या झाडण्याचा) प्रश्न असू शकतो. पण एकामागून एक मरणात तुमचं डॅमेज शून्य असेल, तर तुम्ही गोळी झाडायच्या आधीच हरला होतात. त्याने तुम्हाला आधी पाहिलं, आधी ऐकलं, किंवा तुम्ही नेमके तिथेच डोकावलात जिथे तो आधीच नेम धरून उभा होता. शून्याचं औषध डेथमॅचमध्ये नाही.

दुसरी पायरी वही. मी किराणा दुकानात मिळते ती लांबोडकी वही आणली. प्रत्येक मरण लिहायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल, एका मॅचमध्ये पंधरा-पंधरा वेळा मरतो माणूस. म्हणून फक्त एवढंच लिहायचं: ज्या राउंडमध्ये आपल्या टीममधून सर्वांत आधी मी मेलो, ते मरण. चार विरुद्ध पाच झालं की पुढचा राउंड सगळ्यांनाच जड जातो, त्यामुळे महागडी चूक तीच. एका ओळीत चार गोष्टी. कुठे मेलो. त्या क्षणी मला काय माहीत होतं. मी काय करायला निघालो होतो. आणि मी मेल्यावर लगेच बदला घेऊ शकेल असा जवळ कोण होता.

क्लासिकल बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना आपला डाव खेळताखेळताच लिहून ठेवावा लागतो, तसा नियमच आहे. म्हणून डाव संपल्यावर दोघं समोरासमोर बसून कुठे चुकलं ते काढू शकतात, त्याला ते पोस्टमॉर्टेमच म्हणतात. आपल्याकडे मॅच संपली की समोरचे 'जीजी' (गुड गेम) टाकून गायब, आणि आपण पुढच्या मॅचच्या रांगेत. प्रेताची विल्हेवाट लावायची इतकी घाई दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

तिसरी पायरी म्हणजे बघणं. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला आणि पाच वर्षं त्यात रिप्लेच, म्हणजे संपलेली मॅच पुन्हा बघायची सोयच, नव्हता. काउंटर-स्ट्राइक या तसल्याच गेमवाले जुन्या काळापासून डेमो (मॅचची नोंद) काढून बघत आलेत, आपण मात्र ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरने रेकॉर्ड करत होतो. मीही तसंच केलं, जुन्या ग्राफिक्स कार्डला घाम फोडत. २०२५ मध्ये पीसीवर रिप्ले आला आणि काम सोपं झालं. पण बघायची एक पद्धत आहे. मरणाच्या क्षणाला जायचं नाही. त्याच्या पंधरा सेकंद आधी थांबायचं. कोपऱ्यातला मिनिमॅप बघायचा, आपले चौघं कुठे आहेत ते बोट ठेवून मोजायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "आत्ता मला एवढं माहीत आहे." मग पुढे चालवायचं.

आणि त्यानंतर तोच प्रसंग ज्याने मारलं त्याच्या नजरेतून बघायचा. हा भाग बघताना जरा लाज वाटते, तयारीत राहा. मला वाटायचं समोरचे फार हुशार आहेत, आपली जागा ओळखतात. त्याच्या कानांनी ऐकलं तेव्हा कळलं, मी बी मेनमध्ये धडधड पळत येत होतो. शिफ्ट दाबून चाललं की पावलं ऐकू जात नाहीत हे पहिल्या दिवशी शिकलेलं. तो बिचारा नुसता उभा होता. लग्नाची वरात येताना ऐकू येते तसा मी येत होतो.

पहिल्या चाळीस ओळी भरल्यावर मी बसून मोजलं. तेवीस मरणांत चौथ्या रकान्यात एकच शब्द होता: कोणी नाही. नेम चुकला म्हणून मेलो अशी मरणं सहा. आणि मी सराव करत होतो त्या सहांचा.

कधीकधी फळणारी चूक

इथे जरा थांबतो, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला.

बी मेनमध्ये एकट्याने घुसायचं मी इतके दिवस का सोडलं नाही? कारण ते कधीकधी फळतं. एका मॅचमध्ये मी तसाच घुसलो होतो आणि तिघं पाठमोरे सापडले. तीन किल. टीममधला कोणीतरी माइकवर "अरे राजा!" म्हणाला. तो राउंड मला आजही फ्रेम न फ्रेम आठवतो. बाकीची तेवीस मरणं आठवायला मात्र वही उघडावी लागते. मटका खेळणाऱ्याला एकदा लागलेला आकडा जन्मभर पुरतो, तसलं प्रकरण. दर वेळी हरवणारी चूक माणूस आपोआप सोडतो. दहातून एकदा जिंकून देणारी चूक चूक वाटतच नाही, ती 'माझी स्टाइल' होते.

म्हणून वहीत मी मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू केली: चुकून जिंकलेले राउंड. किल मिळाला, पण निर्णय गाढवपणाचा होता. ही यादी लिहिणं जिवावर येतं, पण रोगाचं मूळ तिथेच सापडतं.

याच्या उलटही असतं. निर्णय बरोबर आणि तरी मेलो. एकदा स्पाइक लागलेला, मी एकटा, समोर दोघं. स्पाइक फुटायला ४५ सेकंद असतात, डिफ्यूजला ७ लागतात, त्यातलं निम्मं झालं की ते टिकून राहतं. मी निम्मं केलं, बाजूला झालो, एकाला मारलं, परत आलो आणि दुसऱ्याने मला धुरातून अंदाजे झाडलेल्या गोळीत टिपलं. ही ओळ वहीत जात नाही. पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी तेच करेन. हरलो म्हणून सगळंच चुकीचं धरलं तर दोन आठवड्यांत बरोबर सवयीही मोडून बसाल.

पैशांच्या, म्हणजे राउंडआधी क्रेडिट देऊन बंदुका घेण्याच्या, चुका मात्र बिनधास्त लिहा, तिथे नशिबाचा भाग कमी आहे, शुद्ध हिशेब आहे. पहिला पिस्तुल राउंड हरलात, सगळे ८०० क्रेडिट खर्च झाले. हरल्याचे १९०० मिळाले. आता हात शिवशिवतात, १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतली, उरले ३००. परत हरलात, एकही किल नाही, २४०० मिळाले. हातात २७००. व्हँडल ही रायफल २९०० ची. म्हणजे तिसऱ्या राउंडलाही तुम्ही अर्धवट. त्याऐवजी दुसऱ्या राउंडला काही न घेता हरला असतात तर १९०० आणि २४०० मिळून ४३००. व्हँडल, वर १००० चं हेवी शील्ड, आणि तरी ४०० शिल्लक. पूर्ण टीमने ठरवून फोर्स केला, म्हणजे पैसे कमी असूनही खरेदी केली, तर गोष्ट वेगळी. पण चौघं सेव्ह करत असताना पाचवा स्पेक्टर घेऊन निघाला, तर तो दोन राउंड घालवतो. तो पाचवा कोण होता ते ओळखलंच असेल.

उपाय, आणि तो करताना होणारा त्रास

एका वेळी एकच चूक. हे ऐकायला बरं वाटतं, करताना जीव जातो, कारण वही भरली की दहा चुका दिसतात आणि दहाही आजच सुधाराव्यात असं वाटतं. वहीत ज्या ओळी सर्वांत जास्त आहेत ती चूक घ्या, बाकीच्या खुशाल होऊ द्या.

'बी मेनमध्ये जायचं नाही' असा नियम मी आधी लिहून मॉनिटरला चिकटवला. तीन दिवसांत मोडला. गडबडीत हाताला 'नाही' कळत नाही, काय करायचं ते सांगावं लागतं. मग असा लिहिला: 'टरेट बसवला की साइटच्या आत मागे जायचं. टरेट बोलेपर्यंत किंवा मित्र शेजारी येईपर्यंत तिथेच.' हा टिकला. यात आपण कुठे उभं राहायचं ते आहे, कशाची वाट बघायची ते आहे, आणि वाट कधी संपते तेही आहे.

पहिले काही दिवस हे अनरेटेड किंवा स्विफ्टप्लेमध्ये करा, तिथे रँक पणाला लागत नाही. रँक्डमध्ये आरआर जायच्या भीतीने माणूस जुन्याच सवयीला मिठी मारतो. आणि खरं सांगून ठेवतो, सुरुवातीला खेळ बिघडतो. मी गोल्ड एकवर घसरलो, एक संध्याकाळ तर सिल्व्हर तीनमध्ये काढली. मित्रांच्या ग्रुपवर माझ्या नावाने जे काही आलं ते इथे छापण्यासारखं नाही. मागे उभं राहायचं म्हणून मी मागे उभा होतो, पण तिथून करायचं काय ते हाताला ठाऊक नव्हतं. त्यात साधारण वीसेक मॅच गेल्या.

लागोपाठ दोन हरलात की बंद करा. हरून चिडल्यावर माणूस डोकं गमावून खेळत राहतो, त्याला सगळे 'टिल्ट' म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रातून आलाय, खेळणारा चिडून यंत्र हलवायला लागला की ते 'टिल्ट' दाखवून बंदच पडायचं. आपल्या पीसीला ती सोय नाही. रात्री एक वाजता "ही शेवटची" म्हणून लावलेल्या मॅचची नोंद माझ्या वहीत वेगळ्या शाईने आहे, तिच्यातून कधीच काही शिकायला मिळालं नाही.

समस्या परत आली तर

येतेच. मला प्लॅटिनम एक मिळाला, मी वही कपाटात टाकली. दोन-तीन महिन्यांनी गाडी पुन्हा रुतली. वही काढली, लिहायला लागलो. सगळी मरणं आता हेवनवर, सी लाँगच्या, म्हणजे सी साइटकडे जाणाऱ्या लांब वाटेच्या, टोकाला. हेवन हा भूतानमध्ये कल्पलेला नकाशा, देवळं, डोंगर, छान शांत. मी म्हटलं, ही नवी चूक, सी लाँगचा कोपरा मला जमत नाही. दोन आठवडे त्या कोपऱ्याचे व्हिडिओ बघितले.

मग एका रविवारी पहिल्या पानापासून वही वाचली आणि कपाळावर हात मारला. पहिला रकाना वेगळा होता, बी मेनच्या जागी सी लाँग. चौथा रकाना तोच. कोणी नाही, कोणी नाही, मित्र लांब, कोणी नाही. चूक गेलीच नव्हती, पत्ता बदलून राहत होती. मी तिला जागेच्या नावाने ओळखत होतो म्हणून फसलो. तेव्हापासून 'कुठे मेलो' हा रकाना पहिला ठेवत नाही. आधी लिहायचं ते 'काय करायला निघालो होतो'. तुमची वही भरूनही रँक हलत नसेल तर आधी हे तपासा, रकाने चुकले असण्याची शक्यता बरीच आहे.

सध्या मी डायमंड एक आणि प्लॅटिनम तीनच्या मध्ये लोंबकळतोय. वहीत सर्वांत वर नवी चूक आहे. स्पाइक लागलेला असतो, समोरचा डिफ्यूजला हात लावतो, तो आवाज येतो आणि मी त्याच क्षणी डोकं बाहेर काढतो. आवाज दहातून आठ वेळा फसवा असतो, हात लावून त्याने काढून घेतलेला असतो आणि तो माझीच वाट बघत असतो. ७ सेकंदांपैकी निदान दोन थांबायचं असा नियम लिहून पाहिला. थांबलो, तर नेमका तो खरा डिफ्यूज निघाला. मग तीन वेळा तसंच. किती थांबायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आतेभावाला क्लिप पाठवल्यात, पण त्याची बारावीची प्रिलिम चालू आहे आणि आत्याने फोन काढून घेतलाय.